लाल तेलाचा थेंब

"मेकॅनिक लागतो कुणाला? ज्याच्याकडे इंटरनेट नाही त्याला!" शुक्रवारी सकाळी उज्ज्वल छाती काढून म्हणाला. तिथेच सगळं बिघडलं.

उज्ज्वल मूळचा नागपूरचा. आयटीतली नोकरी सोडून त्याने सिंगापुरात ऑफिसांना झाडांच्या कुंड्या भाड्याने द्यायचा धंदा काढला. बेडोकपासून बुओना व्हिस्टापर्यंत कुंड्या वाहायच्या त्या त्याच्या पिकअपने. वय चौदा, पळाली पावणेचार लाख किलोमीटर. चढावर अशी धापा टाकते की मागची झाडं भीतीने पानं गाळतात! पण उज्ज्वलचा तिच्यावर भारी जीव. बायकोचा, म्हणजे अंजलीचा, अजिबात नाही.

"सोमवारी इन्स्पेक्शन आहे," अंजली म्हणाली. "या वेळी नापास झाली ना, तर सरळ भंगारात. मी व्हॅन बघून ठेवलीय."

"काहून भंगारात?" कोपऱ्यातून उज्ज्वलचे बाबा कळवळले. ते महिनाभरासाठी नागपूरहून आले होते आणि गाडीच्या प्रेमातच पडले होते. दुपारचं जेवण झालं रे झालं की किल्ली घेऊन खाली! "गाडीत जरा बसतो. हवा येते."

उज्ज्वलला भरून यायचं. बापाला तरी गाडीची किंमत कळली!

तो कारपार्कमध्ये गेला, वाकून बघतो तर काय, गाडीखाली लाल तेलाचा डाग! शेजारचे लिम अंकल थांबले. "वा, युअर लॉरी ब्लीडिंग आह?"

उज्ज्वलने लगेच तीन व्हिडिओ बघितले. लाल तेल म्हणजे स्टिअरिंगचं तेल. त्याने नवा पाइप आणला, जुना उपटला, नवा ठोकला, हात पुसले. शनिवारी सकाळी बघतो तर पुन्हा डाग!

मित्राला, प्रबोधला, फोन लावला. प्रबोध बँकेत प्रोजेक्ट मॅनेजर. त्याला गाडीतलं काही कळत नाही, म्हणून तो फार ठामपणे बोलतो.

"स्टिअरिंगच्या तेलाच्या टाकीतली लेव्हल बघ. तेल गळतंय तर ती उतरली असणार."

"काठोकाठ आहे रे!"

"मग टाकी खोटं बोलतेय! सगळे जॉइंट उघड."

उज्ज्वलने सगळे जॉइंट उघडले. जमेल तसे बंदही केले. एक वॉशर उरला. व्हिडिओतल्या माणसाकडे काही उरलं नव्हतं, त्यामुळे याने तो गुपचूप खिशात टाकला.

रविवारी डाग पहिल्यापेक्षा मोठा! उज्ज्वलने खाली पुठ्ठा अंथरला, पाठीवर झोपून आत सरकला आणि अंजलीला फोन स्पीकरवर लावला.

"मिळालं का काही?" अंजलीने विचारलं.

"थांब ना! सीटच्या खाली एक भोक दिसतंय, तिथूनच येतंय, आत्ता बघ मी कसा..."

टप्! थेंब थेट त्याच्या उघड्या तोंडात!

"थू! थू! मेलो! तेल गेलं पोटात!"

"काय? गिळलंस? उलटी कर! मी ॲम्ब्युलन्स बोलावते!"

उज्ज्वलने ओठांवरून जीभ फिरवली.

"उज्ज्वल! अरे बोल ना! जीभ जड होतेय का?"

"अंजली..." गाडीखालून अगदी हळू आवाज आला. "यात हिंग आहे."

अंजली चप्पल न घालता खाली धावली. ड्रायव्हरची सीट पुढे ढकलली. मागे आडवी पडलेली, झाकण ढिलं झालेली, लिंबाच्या लोणच्याची भलीमोठी बरणी! तेल सीटखाली वाहत जाऊन गंजलेल्या भोकातून गळत होतं.

तेवढ्यात बाबा हवा खायला आले. खिशातून अर्धी पोळी डोकावत होती.

"बाबा!" अंजली ओरडली. "डॉक्टरांनी लोणचं बंद केलंय ना? बीपी किती आहे तुमचं?"

"मी फक्त वास घेतो वं."

"पोळीला लावून?"

बाबा गाडीकडे बघायला लागले. गाडी काही मदतीला आली नाही.

पण उज्ज्वल मात्र नाचत होता! "बघितलंस? गाडीला काहीच झालेलं नाही! ठणठणीत आहे!" त्याने फडक्याने सीट पुसली, भोक बंद केलं, आणि त्या रात्री घोरत झोपला.

सोमवारी इन्स्पेक्शनला अंजलीही आली. ब्रेक पास, दिवे पास, धूरसुद्धा पास! उज्ज्वलने तिच्याकडे असं बघितलं की जणू गाडी त्यानेच जन्माला घातली. मग इन्स्पेक्टर वाकला.

"ऑइल लीक. फेल."

"नो नो! दॅट इज पिकल!" उज्ज्वल म्हणाला.

इन्स्पेक्टरने त्याच्याकडे असं बघितलं की जणू पुढची तपासणी त्याचीच. उज्ज्वल खाली वाकला. या वेळी त्याने नुसता वास घेतला. हिंग नव्हता. अस्सल स्टिअरिंगचं तेल! नव्या पाइपच्या जोडातून ठिबकत होतं.

"जुना पाइप खराब होता?" अंजलीने शांतपणे विचारलं.

"...नाही."

"मग गाडी कुठे नापास झालीय? तू झालायस!"

भंगाराचा विषय तिथेच संपला. गाडी वर्कशॉपमध्ये गेली, जोड नीट बसला, पुढच्या खेपेला एका फटक्यात पास. धापा टाकत आता पुन्हा कुंड्या वाहतेय.

उज्ज्वलला ती धुवायची परवानगी आहे. फक्त बाहेरून.