निळ्या डब्याचा मान

"आई, लॅपटॉपवर शंभर वेळा बटण दाबायचं. लाल डबा नाहीतर निळा डबा. एकात चांदण्या जास्त निघतात, तो कुठला ते तुम्हीच शोधायचं. बस, एवढंच."

"आणि चहा?" प्रेमाताईंनी विचारलं.

"करतेय ना. दुपारचा माझाच असतो."

अंधेरीतल्या त्या घरात सकाळचा चहा मुलगा सुबोध करायचा आणि दुपारचा सून श्रुतिका. श्रुतिका मानसोपचारतज्ज्ञ. गणिताला दहावीतच रामराम ठोकलेली ही बाई दुपारपर्यंतची ओपीडी संपवून रोज संध्याकाळी कॉम्प्युटरवर मॉडेल बांधायला शिकत होती. माणूस अनुभवातून किती भरभर शिकतो ते आकड्यात पकडायचं आणि नैराश्यात ते शिकणं कुठे अडतं ते शोधायचं. तीन महिने! आपल्याला मोबाइलचं बिल वाचायचा कंटाळा येतो. तिचं कौतुक करावं तेवढं थोडं.

सोमवारी डॉक्टर मार्तंड सरांना तिला एका ठणठणीत माणसावर मॉडेल चालवून दाखवायचं होतं. चाललं तर त्यांच्या संशोधनात जागा, नाहीतर ती जागा दुसऱ्या कुणाला तरी. आणि प्रेमाताईंपेक्षा ठणठणीत माणूस शोधायचा कुठे? वय एकाहत्तर, आणि अख्ख्या सोसायटीचे फोन नंबर तोंडपाठ.

खेळताना शेजारी बसायचं नाही असा नियम होता, म्हणून श्रुतिका चहा ठेवायला गेली. परत आली तेव्हा शंभर डाव संपले होते. तिनं मॉडेल चालवलं. स्क्रीनवर उत्तर आलं: शिकण्याचा वेग, शून्य.

"वाट लागली," श्रुतिका म्हणाली.

चूक आपलीच असणार, म्हणून तिनं तासभर प्रोग्रामची ओळ न् ओळ तपासली. मग सुबोधला खेळायला बसवलं. त्याचं उत्तर अगदी व्यवस्थित आलं. म्हणजे मॉडेल बरोबर होतं! तिनं आईंना पुन्हा खेळवलं. पुन्हा शून्य. आता मात्र तिच्यातली डॉक्टर जागी झाली.

"आई, आज वार कुठला?"

"रविवार. का गो?"

"शंभरातून सात वजा करत या बघू."

"त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर..." प्रेमाताई थांबेचनात. "दोनपर्यंत आले. आता काय शून्याच्या खाली जाऊ?"

हे सगळं दारातून ऐकणाऱ्या सुबोधचं तोंड उतरलं. "श्रुती, आईला काही झालंय का?"

"तसं नाही रे. फक्त त्या काही शिकत नाहीयेत असं मॉडेल म्हणतंय."

सुबोधनं एवढंच वाक्य बोरिवलीच्या बहिणीला फोनवर सांगितलं, आणि तासाभरात दिशा रिक्षातून उतरली. हातात अर्धा किलो बदाम, डोळ्यांत पाणी.

"आई, मला ओळखलंस ना गं?"

"न ओळखायला काय झालं? माझी साडी नेलीस ती गणपतीपासून तुझ्याकडेच आहे!"

दिशाचा जीव भांड्यात पडला. डोळे पुसत तिनं लॅपटॉपवरची शंभर डावांची यादी वाचायला घेतली. श्रुतिकानं आलेख काढले होते, सरासऱ्या काढल्या होत्या, होतं नव्हतं ते सगळं केलं होतं. यादी तेवढी वाचायची राहिली होती.

"वहिनी, हे बघ. लाल, निळा, लाल, निळा... शेवटपर्यंत! आई, लाल डब्यात जास्त चांदण्या आहेत हे तुला कळलंच नाही?"

"माका धाव्या डावातच कळलां!"

"मग निळा कशाला दाबत होतीस?"

"अगो, मग त्या निळ्यानं काय करायचं? आपण वर्सोव्याला मासे घेतो ना, इनेझ आणि मेलनी बाजूबाजूला बसतात. इनेझचे ताजे असतात, मेलनीचे कधी बरे, कधी बाद. म्हणून रोज इनेझकडेच थांबायचं आणि मेलनीनं नुसतं बघत राहायचं? एक दिवस हिच्याकडे, एक दिवस तिच्याकडे. माणसाचा मान ठेवायला नको?"

श्रुतिकानं लॅपटॉप ओढला आणि मॉडेलमध्ये एक नवी संख्या घातली: गेल्या वेळी ज्याला डावललं, त्याच्याकडे वळायची ओढ. मॉडेल चालवलं. आईंचा जवळजवळ प्रत्येक डाव ते आधीच ओळखू लागलं. "आई, तुम्ही ग्रेट आहात!" असं म्हणत तिनं त्यांना कडकडून मिठी मारली.

सोमवारी मार्तंड सर त्या संख्येकडे चष्मा वर करून बघत राहिले. "हे कुठून सुचलं तुला?"

"मासळी बाजारातून, सर." तिनं सगळी हकिकत सांगितली, स्वतः यादी न वाचल्याचंसुद्धा.

"फायदा कळूनही माणूस वेगळं निवडतो, त्याला आपण परस्पर आजार ठरवायला निघालो असतो," सर म्हणाले. "गुरुवारपासून ये कामाला."

श्रुतिका घरी आली आणि आल्या आल्या दुपारचा चहा केला. प्रेमाताईंनी घोट घेतला. "झकास!"

सहा वर्षं त्या हेच म्हणत होत्या. सकाळी सुबोधच्या चहाला झकास, दुपारी तिच्या चहाला झकास. श्रुतिकानं स्वतःचा कप तोंडाला लावला आणि पहिल्यांदाच नीट चव घेतली. नुसतं गोड पाणी.

"आई," तिनं हळूच विचारलं, "खरं सांगा. मी निळा डबा आहे का?"

प्रेमाताईंनी कप तळापर्यंत रिकामा केला आणि तिच्यापुढे धरला.

"अजून अर्धा कप घाल गो," त्या म्हणाल्या.