भिंतीतली भोकं: शून्य

तेवीस वर्षांत मी भिंतीत एकही खिळा ठोकला नाही. एकही! लष्करी क्वार्टर सोडताना तपासणीचा कागद भरतात. त्यात एक ओळ असते.

भिंतीतली भोकं: शून्य.

ओरेस्तियादा, लिम्नोस, किल्किस, पुन्हा ओरेस्तियादा... ग्रीसभर फिरून शेवटी काव्हाला. सात घरं, सात शून्यं! आमच्या लग्नाचा फोटो सातही घरांत कपाटाला टेकून जमिनीवर बसून राहिला, शिक्षा झालेल्या रंगरुटासारखा.

पण आता घर आमचं होतं. इथेच काव्हालात, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या. खिडकीतून बंदराची अर्धी क्रेन दिसते. माझा नवरा थ्रासो सुभेदार म्हणून निवृत्त झाला, आणि क्वार्टरच्या जिन्यात उभी राहून मी जाहीर केलं, "संध्याकाळी सहाला पाद्री घर पवित्र करायला येतायत. सगळ्यांनी यायचं! फोटो भिंतीवर दिसेल!"

"फोटो राहू दे," आमची शेजारीण झाफिरो म्हणाली. "पायगुणाचं काय? पाहुण्यांतून उंबरा पहिला कोण ओलांडणार?"

"तूच. उजवा पाय टाक आणि तोंड बंद ठेव."

"माझ्या पायगुणानं तीन घरांत जुळी झालीयेत!"

"मग डावा टाक, बाई!"

पाच वाजले. थ्रासोनं पिशवीतून खिळा काढला. खिळा कसला, तंबू ठोकायची लोखंडी खुंटी! दीड वीत लांब.

"ही सरकारची नाही ना?"

"बाजारातून आणलीये. पावती दाखवू?"

"अरे, पण फोटो टांगायचाय, तोफ नाही!"

"तेवीस वर्षांनी टांगतोय. पडला तर?"

पहिला घाव मी घातला. ठण्ण! चुना उडाला, माझ्या केसांत बसला आणि मला चक्क रडू आलं. लग्नात डोक्यावर तांदूळ पडले होते तेव्हाही आलं नव्हतं. पुढचे घाव थ्रासोनं घातले.

पाच दहा. खुंटी आत.

पाच बारा. खुंटी बोटभर बाहेर.

"भिंत ढकलतेय," थ्रासो म्हणाला.

"भिंती ढकलतात?"

"कच्चं बांधकाम!" ठण्ण!

पाच चौदा. आत.

पाच पंधरा. आमच्या डोळ्यांदेखत, गोगलगाय शंखातून डोकं काढते तशी, खुंटी हळूहळू बाहेर!

थ्रासोनं बाह्या सरसावल्या. आयुष्यभर त्याच्या हुकमावर माणसं आत-बाहेर झाली, ही खुंटी कोण? ठण्ण! बाहेर. ठण्ण! बाहेर. मी फोटो छातीशी धरून उभी. फोटोतली मीसुद्धा घाबरलेली दिसायला लागले.

पाच वीस. दारावर थापा. मी दार उघडलं आणि एक बुटका, जाडजूड म्हातारा कमरेला एप्रन, हातात तवा, असा थेट आत घुसला. उंबरा ओलांडून! पहिला पाय!

"मागे व्हा!" मी किंचाळले. "पाय मागे घ्या!"

"पायाचं नंतर, पोरी! तुमच्याकडे घण आहे का? मी अर्गिरीस, शेजारचा. माझ्या चुलीवरच्या भिंतीतून लोखंड बाहेर येतंय! पाच वेळा तव्यानं आत ठोकलं, परत येतंय! इमारत पडतेय!"

थ्रासोनं हातोडा पाठीमागे लपवला.

आम्ही तिघं त्याच्या स्वयंपाकघरात गेलो. भिंतीतून खुंटीचं टोक निघालेलं, भोवती चुन्याचा सडा, खाली चुलीवर आंघोळीचं पाणी तापवावं एवढं पातेलं.

"सार बिघडलं का हो, काका?" मी रडवेली झाले.

"झाकण होतं. तीस वर्षं नौदलात स्वयंपाकी होतो. बोटीवर उघडं कोण शिजवतं?" त्यानं थ्रासोला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "पायदळ का? वाटलंच!"

थ्रासोला टोमणा ऐकूच आला नाही. तो पळत घरी गेला आणि पुट्टीचा डबा घेऊन आला. प्रत्येक बदलीत भिंतीचे ओरखडे बुजवायला तोच डबा पहिला बाहेर निघतो.

"अर्ध्या तासात बुजवतो! वरून पांढरा हात मारतो. तपासणीत कुणाच्या बापाला कळणार नाही!"

"कसली तपासणी?"

"घर सोडतानाची."

"सोडतोयस का?"

"नाही."

"मग?"

थ्रासो डबा मांडीवर घेऊन स्टुलावर बसला.

"स्तमातिया," तो मला म्हणाला, "म्हणजे... भोक राहिलं तरी चालेल?"

मला मागणी घालतानासुद्धा त्यानं इतक्या हळू विचारलं नव्हतं.

"चालेल रे," मी म्हटलं. "राहू दे."

अर्गिरीसकाकांनी खुंटीचं टोक दोन बोटांनी हलवून पाहिलं, मग आपली लांब पळी त्यावर अडकवली. "बायको गेल्यापासून हिला जागा नव्हती," ते म्हणाले. "पायदळानं एक तरी काम धड केलं!"

सहाला पाद्री आले, मागून क्वार्टरमधली अठरा माणसं. आणि तेव्हा मला आठवलं, की पाहुण्यांसाठी केलेले पालकाचे पॅटिस आपण जुन्या घराच्या ओट्यावरच विसरलो! किल्ली तर सकाळीच सरकारजमा. मी भिंतीशी टेकून उभी राहिले. पाद्र्यांनी तुळशीच्या जुडीनं शिंपडलेलं पाणी तोंडावर आलं म्हणून बरं, डोळे कुणाला दिसले नाहीत.

इतक्यात दारातून पातेलं आत आलं. मागून अर्गिरीसकाका. घेवड्याचं सार, वाफाळतं!

"एवढं?" मी म्हटलं.

"चाळीस जणांचा अंदाज हातात बसलाय, पोरी. कमी करायला जमलंच नाही. एकटाच आठवडाभर खातो."

सगळे पोटभर जेवले. झाफिरोनं दोनदा वाढून घेतलं आणि कानाशी लागली, "पहिला पाय कुणाचा पडला गं?"

"नौदलाचा."

"अगंबाई!" तिनं वाडगं चाटून पुसून साफ केलं. "चांगला आहे."

फोटो भिंतीवर आहे. जरा तिरका. रोज दुपारी एकला तो आपोआप थरथरतो. काकांनी पळी काढली, एवढाच त्याचा अर्थ. मग आम्ही दोघं ताटं घेऊन शेजारी जातो. पुट्टीचा डबा मी लपवलाय. थ्रासो अजून शोधतो.

भिंतीतली भोकं: एक, आरपार. दुरुस्ती: नको.