उतारावरचा डबा

वामनकाका प्लॉट बघायला टेप नेत नाहीत, जेवणाचा डबा नेतात. उतारावर चार-पाच ठिकाणी बसतात, शेजारी वरणाचा डबा उघडून ठेवतात आणि त्याच्याकडे बघत राहतात. जिथे वरण सांडत नाही, तिथे स्वयंपाकघर. "जमीन स्वतःच सांगते बेटा. आपण फक्त भूक घेऊन यायचं."

रामदासपेठेतल्या आमच्या ऑफिसात ते कित्येक वर्षं ड्राफ्ट्समन आहेत. मी नवीन आर्किटेक्ट. काटोल रोडकडच्या टेकडीवरचं घर हे माझं पहिलं काम. तीन आठवडे खपून मी कॉम्प्युटरवर मॉडेल केलं होतं. टेकडी कापून सपाट केली आणि वर पांढरं, काचांचं घर ठेवलं. प्लॉटवर ते बघून घराच्या मालकीणबाई "छान" म्हणाल्या आणि काकांच्या मागे हसत हसत उतार उतरून गेल्या.

मी वरच, कुंपणाच्या खांबाजवळ. अशा वेळी कुठे उभं राहावं, मला कळत नाही.

"काहून उभी आहेस वं? ये ना!" काका खालून ओरडले. "डबा घसरला तर पकडाले कोणी पाहिजे."

घसरूच दे, असं माझ्या मनात आलं. आणि तो खरंच घसरला! वरण वाहून गेलं, डबा गडगडत पळसाच्या बुंध्याला अडकला. मला इतका आनंद झाला की मी तोंड फिरवलं. काका मात्र डब्यामागे गेले आणि झाडाखाली ऐसपैस बसले. "बाई, अंगण इथं. पाहा, सावली बी आहे!"

बाईंनी टाळ्या वाजवायच्याच बाकी ठेवल्या.

तीन टप्प्यांत उतरणारं, काकांनी सुचवलेलं घर पास झालं. काकांना कॉम्प्युटर येत नाही, म्हणून ते काढायचं मी. प्रत्येक रेघ दातओठ खाऊन काढली. जास्त वाईट हे, की घर सुंदर होत होतं.

पुढच्या खेपेला काकांनी पोळ्यांची दोन पुडकी काढली. एक माझ्यापुढे केलं.

"आज माझ्यासाठी?"

"रोजच असते. तू बसतच नाही." मग पळसाकडे बघत म्हणाले, "पोरगी बंगलोरले गेली नोकरीले. सकाळी हात दोघांच्याच पोळ्या लाटते. ऑफिसात सगळ्यांसमोर तुले द्यायले लाज वाटे."

मी बसले. घर त्यांचंच झालं, याचा राग काही गेला नव्हता. पण वरणाचा डबा सरकायला लागला, तेव्हा मी त्याला डावा हात लावला आणि जेवण होईपर्यंत काढला नाही.