‘आधी’चा फोटो

जे हरवलेलंच नाही ते परत आणता येत नाही, हे जगातल्या सर्व योजनांचं मूलतत्त्व आहे. आमच्या गावच्या शाळेने ते जितक्या निष्ठेने पाळलं, तितकं अख्ख्या चुई खोऱ्यात कुणी पाळलं नसेल. मी तिथे सुतारकाम शिकवतो आणि चुन्याची बादली माझ्या ताब्यात असते, तेव्हा हे मी अधिकाराने सांगतो.

योजना साधी होती. शाळेच्या आवारात पूर्वी असलेल्या स्थानिक वनस्पती गावाने अशार करून पुन्हा लावायच्या. (अशार म्हणजे सगळ्यांनी मिळून फुकट करायचं काम. फुकट म्हणजे एक मेंढा, बारा किलो तांदूळ आणि तितकीच गाजरं.) जिल्ह्याहून यादी आली: शिबाक, एर्मेन, ची, जोगाझिन, बेटेगे, जान्ताक, आदिराशमान. (घाईतल्या वाचकाने ही यादी गाळली तरी चालेल.)

अडचण एवढीच निघाली की यादीतल्या सातही वनस्पती शाळेमागच्या उतारावर आधीपासूनच उभ्या होत्या.

याला जबाबदार जीवशास्त्राच्या झुउराकान एजे. (एजे म्हणजे ताई.) त्यांनी त्या उताराला कधी कुणाला खुरपं लावू दिलं नाही. वर पहिलीतल्या मुलांकडून तिथे रानट्यूलिपचं बी पेरून घेतलं होतं. बियांपासून फूल यायला याला सात हिवाळे लागतात. (जिल्हा कार्यालयातल्या अर्जापेक्षा एकच जास्त.) ती मुलं आता सातवीत होती आणि यंदा अकरा रोपांना कळ्या धरल्या होत्या. रोज सकाळी मुलं उताराकडे पळायची आणि ‘अजून नाही’ अशी बातमी आणायची. एजे जूनमध्ये निवृत्त होणार होत्या. एकदा ते फूल बघायचं आणि मग घरी बसायचं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

मुख्याध्यापक शेरगाझी बाइकेंनी (बाइके म्हणजे दादा) एजेंना आणि मला खोलीत बोलावलं.

“एजे, अहवालाला दोन फोटो लागतात. एक ‘आधी’चा, एक ‘नंतर’चा. ‘आधी’मध्ये काही म्हणजे काही नसायला पाहिजे. तुम्ही तर सगळं उगवून ठेवलंय. आता मी ‘आधी’ आणू कुठून?”

“शेरगाझी, परीक्षेत बटाट्याला तू मूळ म्हणाला होतास. तेव्हाच तुला नापास करायला हवं होतं.”

“पण तुम्ही पास केलंत, म्हणून तर मी या खुर्चीत आहे.”

शेवटी तडजोड झाली. उतार साफ करायचा, पण रानट्यूलिपच्या अकरा रोपांना हात लावायचा नाही. खूण म्हणून त्यांच्याभोवती दगडांचं रिंगण करायचं आणि लांबून दिसावं म्हणून दगडांना चुना फासायचा. ते काम मी जातीने केलं. तीन हात दिले.

अशारच्या शनिवारी उपस्थिती त्र्याऐंशी होती. पैकी खणणारे नऊ, त्यांना कसं खणावं ते सांगणारे सव्वीस, फोटो काढणारे एकोणीस; बाकीचे पालूच्या, म्हणजे मांस-गाजराच्या भाताच्या, कढईभोवती, कारण मांसावर लक्ष ठेवायलाही माणसं लागतात. सातवीचा वर्ग फाटकापाशी पाहुण्यांसाठी स्वागतगीत म्हणत होता आणि एजेंना त्यांच्याबरोबर उभं केलं होतं.

आता आमच्याकडची एक रीत सांगितली पाहिजे. पाहुणे येणार म्हटलं की आम्ही आधी चुना काढतो. झाडांचे बुंधे, फाटकाचे खांब, वाटेवरचे दगड, जे हलत नाही ते पांढरं होतं. आणि पांढऱ्या दगडांच्या आत फुलंच असली पाहिजेत, गवताची काडी दिसली तर गावाची अब्रू जाते. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. फक्त त्या दिवशी मला आठवलं नाही.

एजेंना घेऊन मी उतारावर पोचलो, तोवर बुरूल आपा कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. वय एकोणऐंशी, खणणाऱ्या नवांपैकी एक.

“काय रे मास्तर, चुन्याच्या आत गवत माजू देतोस? लाज नाही वाटत? कांद्याच्या पातीसारखं काहीतरी होतं. एकटीने उपटलं सगळं!”

एजेंनी रिंगणाकडे पाहिलं. मग त्या वाकल्या आणि आपांच्या हातांना लागलेली माती आपल्या रुमालाने पुसली. “दमलात, आपा. चहा घ्या,” एवढंच म्हणाल्या. मला फार वाईट वाटलं. अहवालात त्यासाठी रकाना नव्हता.

तेवढ्यात रोपांचा ट्रक आला. चारशे कुंड्या, प्रत्येकीवर ‘स्थानिक’ असा शिक्का, मूळ मुक्काम तीन देशांपलीकडे. माझ्या रिंगणात अकरा भडक लाल ट्यूलिप बसवले, बाजारातले, पूर्ण फुललेले. ‘नंतर’चा फोटो त्यांचाच. ‘आधी’चा तर इतका ओसाड आला की जिल्ह्याने तो नमुना म्हणून इतर शाळांना पाठवला.

सातवीतल्या एका मुलीने विचारलं, “एजे, परत पेरायचं का?”

“नको गं. कंद वीतभर खाली आहेत, पानं उपटून मरत नाहीत. येतील पुन्हा.”

“फूल कधी?”

“दोन-तीन वर्षांनी. कुणी हात लावला नाही तर.”

योजना यशस्वी झाल्याने ती आता दरवर्षी होणार आहे. अर्थात ‘आधी’चा फोटोही दरवर्षी लागेल.

जाता जाता एक. या रानट्यूलिपला आमच्या भाषेत काय म्हणतात, ते वरच्या यादीत आहे. परत वर जाऊन बघू नका. गाळलीत ना यादी? मी गाळा म्हटलं, तुम्ही गाळलीत. का, ते विचारलं नाही. बुरूल आपांनी तरी कमरेत वाकून उपटलं, तुम्ही बसल्या जागी सातही साफ केलीत. अशा माणसांची आम्हाला फार गरज आहे. एप्रिलच्या पहिल्या शनिवारी या. खुरपी आमच्याकडे आहेत, पण लवकर या. पालू बाराच्या आत संपतो.