वामनरावांना नडलेली उंची

एका जंगलात, मुलांनो, वाघसुद्धा पाणवठ्यावर बगलेत रॅकेट मारून येत असे. त्या जंगलाला टेनिसचं वेड लागलं होतं. पूर्वी प्राणी एकमेकांना खात, आता हरवत. खाणं अगदीच बंद झालं होतं असं नाही. पण सामना चालू असताना खायचं नाही, एवढा नियम झाला होता. प्रगती प्रगती म्हणतात ती हीच.

त्या जंगलात वामनराव नावाचं एक मुंगूस राहत होतं. वामनराव तरुणपणी एकच सामना खेळले होते. तोही उंटाशी.

उंटाने मान ताणून वरून सर्व्हिस हाणली की चेंडू जाळ्याला न विचारता पलीकडे जाऊन आदळे. वामनरावांचा चेंडू मात्र आधी जाळ्याची भेट घेई आणि तिथेच मुक्काम करी. अर्ध्या तासात सगळं आटोपलं.

"काय झालं हो?" बाहेर कुणीतरी विचारलं.

वामनरावांनी आकाशाकडे पाहिलं. एक सुस्कारा सोडला. म्हणाले, "उंची नडली."

झालं! ऐकणाऱ्यांना गलबलून आलं. त्या दिवसापासून वामनरावांना टेनिस खेळावं लागलं नाही. ते त्यावर बोलू लागले. व्याख्यानमालेत, बक्षीस समारंभात, कुणाच्या बारशातसुद्धा. विषय ठरलेला: 'चार बोटं उंची असती तर...' ससे, साळिंदरं, उदमांजरं पहिल्या रांगेत बसून डोळे पुसत. हरलेल्यांना हरलेला वक्ता फार आवडतो. (माझ्याकडे बघून हसू नका. मी कॅरम खेळायचो.)

फक्त घरात या दुःखाला मान नव्हता.

"त्या पुराणातल्या वामनाने तीन पावलांत त्रिभुवन व्यापलं," शेवंताबाई भाकरी थापता थापता म्हणत, "आणि तुम्हाला अर्धं कोर्ट पुरून उरलं!"

"तुला खेळातलं काही कळत नाही."

"नाहीच कळत. पण मला तुम्ही कळता ना!"

खरं काय ते वामनरावांनाही ठाऊक होतं. चेंडू अंगावर आला की त्यांचे डोळे मिटत. नागाच्या फण्यापुढे पापणी न लववणारा हा गडी, पण लोकरीच्या चेंडूपुढे गच्च डोळे मिटून उभा राही. उंची असती तर त्यांनी तेच जरा वरून केलं असतं.

एकदा व्याख्यानाला सिंहमहाराज आले. शेवटी ते इतके रडले, की आयाळ पिळावी लागली.

"अन्याय!" महाराज गरजले. "यापुढे ज्याने त्याने आपल्या उंचीच्या प्राण्याशीच खेळायचं. पहिला सामना वामनरावांचा!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. वामनराव मात्र हिशेब करू लागले. बरोबरीच्याशी खेळून हरलं, तर पुढे बोलायचं काय? आणि बोलायचं नाही, तर मग करायचं काय?

उंची मोजायचं काम बगळ्याकडे होतं. वडाच्या बुंध्यावर कोळशाच्या रेघा ओढल्या होत्या. आयुष्यभर ठेंगणेपणावर बोललेले वामनराव बुंध्याला लागले ते चवड्यांवर उभे राहून. अंगावरचे केस फुलवले. मान ताणली. होता होईल तो उंटाच्या गटात जायची खटपट होती.

"टाचा खाली," बगळा म्हणाला.

"खालीच आहेत."

"मग खालून वारा कसा जातोय? आणि शेपटी डोक्यावरून काढा, वामनराव. शेपटी उंचीत धरत नाहीत."

मागे रांगेतला ससा भाबडेपणाने म्हणाला, "काका, घाबरू नका. तुम्ही ठेंगणेच भरणार!"

आणि ते ठेंगणेच भरले. प्रतिस्पर्धी निघाल्या घोरपडमावशी.

घोरपडमावशी कोर्टावर यायच्या त्या ऊन खायला. रॅकेट त्यांनी शेजारणीकडून मागून आणली होती. धावणं नाही, उडी नाही. पण हातात आलेलं सोडायचं नाही, हा घोरपडीच्या घराण्याचा गुण. त्या पाठच्या रेषेला चिकटल्या आणि येईल तो चेंडू परत पाठवत राहिल्या. "घे रे बाबा. हा घे. हा पण घे." वामनराव प्रत्येक वेळी डोळे मिटत. उघडत तेव्हा चेंडू मागच्या झुडपात असे.

मावशी हसत हसत जिंकल्या. वर म्हणाल्या, "दमलात का हो? मी जरा हळूच खेळत होते."

सिंहमहाराज उठले.

"वामनराव, आता काय नडलं?"

वामनरावांनी सवयीने आकाशाकडे पाहिलं. आज तिथे काही सापडेना. मग खाली पाहिलं. गर्दीत शेवंताबाई उभ्या होत्या, पदराने घाम पुसत. त्यांनी नुसती मान हलवली. सांगून टाका, अशी.

"महाराज," वामनराव म्हणाले, "चेंडू आला की मी डोळे मिटतो. तेव्हाही मिटले होते. उंटरावांची सर्व्हिस मी कधी पाहिलीच नाही. लोक म्हणतात चांगली असते."

बोलून झालं आणि त्यांना एकदम हलकं वाटलं. आता लोक हसतील, हसू देत.

पण कुणी हसलं नाही. ससा मात्र ताडकन उठला.

"तुमचे डोळे मिटत असतील, काका! आमची उंचीच नडली!"

"नाहीतर काय!" साळिंदर काटे फुलवून ओरडलं. "आम्ही घरी बायकापोरांना काय सांगायचं?"

"बसा खाली, वामनराव!" उदमांजर म्हणालं. "स्वतःपुरतं बघू नका!"

गलका वाढला. सिंहमहाराजांनी पंजा वर केला. बगळ्याला बोलावलं, कानात काही विचारलं आणि मग निकाल दिला. घोरपडमावशी चालताना पोट जमिनीला टेकवतात. वामनरावांचं पोट जमिनीपासून बोटभर वर राहतं. एवढ्या उंचीवरून खालचे चेंडू दिसणार कसे?

"वामनरावांना," महाराज गहिवरून म्हणाले, "या खेपेला जास्तीची उंची नडली!"

सगळ्या जंगलाने सुटकेचा निःश्वास टाकला. उंटाचे तर डोळे भरून आले. जास्त उंचीचं दुःख अखेर कुणालातरी कळलं होतं. त्याने तिथल्या तिथे वामनरावांचं पुढच्या पौर्णिमेचं व्याख्यान ठरवून टाकलं. अध्यक्ष स्वतः उंटराव.

वामनरावांनी नको म्हणायला तोंड उघडलं. पण तेवढ्यात कुणीतरी गळ्यात हार घातला, आणि त्यांचे डोळे आपोआप मिटले.

तात्पर्य : टेनिसमध्ये जिंकायला उंची लागते की नाही, ते जाणकारांना भांडून ठरवू द्या. हरायला मात्र ती लागतेच. आणि देव दयाळू आहे, मुलांनो. त्याने ती प्रत्येकाला कमी नाहीतर जास्त, पण कामापुरती दिलेली आहे.