मुळमुळेकाकांची डावखुरी रायफल

मुळमुळेकाका कुणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी खुर्चीचा एक स्क्रू सैल करतात. खिशात पेनाशेजारी स्क्रू फिरवायची ॲलन की असतेच. स्क्रू सैल केल्यावर खुर्ची हलली नाही, तर ती नीट जुळवलेली. हलली, तर तिला आजवर जबरदस्तीनं धरून ठेवलं होतं, असं त्यांचं मत. मग ते स्क्रू परत आवळतात. बहुतेक वेळा आवळतात. आमच्या सत्यनारायणाला गुरुजी ज्या खुर्चीवर बसले, तिचा विसरले होते.

"मुग्धा, बसलंय की बसवलंय, एवढंच बघायचं असतं," असं ते मला सांगतात. हा प्रश्न ते डब्याच्या झाकणाला लावतात, खिडकीच्या चौकटीला लावतात, आणि एका लग्नात त्यांनी तो स्टेजवरच्या नवरा-नवरीकडे बघून बऱ्यापैकी मोठ्यानं विचारला होता. नशीब, डीजे चालू होता.

काका मूळचे नागपूरचे. मंडीदीपच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये नोकरी केली आणि रिटायर होऊन कोलार रोडवर आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. निर्मलाकाकू शाळेत खेळाच्या बाई होत्या. एनसीसीत असताना त्यांनी जी रायफल धरली, ती केस पांढरे झाले तरी सोडली नव्हती. दर शनिवारी दोघं एअर रायफलच्या रेंजवर जायची. काकू नेम धरायच्या, काका मागे प्लास्टिकच्या खुर्चीवर थर्मास घेऊन बसायचे. स्वतः त्यांनी कधी एक छर्रा मारला नव्हता. "मला आवाज नाही आवडत," म्हणायचे.

मग काकूंचा उजवा खांदा धरला. ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी त्या खांद्यावर वजन घ्यायला कायमची मनाई केली. काकूंनी रायफल अकॅडमीतल्या एका मुलीला देऊन टाकली, जॅकेटही दिलं. "झालं आपलं," म्हणाल्या आणि टीव्ही लावला. त्यानंतर तो टीव्ही बंद झालेला मी फारसा ऐकला नाही.

वर्षभरानं एक दिवस काका मला लिफ्टमध्ये म्हणाले, "ॲक्शन शोधतोय."

मला वाटलं, सिनेमा.

"रायफलची ॲक्शन गं! छर्रा जिथे भरतात, घोडा जिथे सुटतो, ते सगळं यंत्र. रायफलचा जीव तोच. बाकी सगळा सांगाडा."

सांगाड्याला ते चासी म्हणत. चासी ॲल्युमिनियमची, मंडीदीपला ओळखीच्या वर्कशॉपमध्ये बनवून घ्यायची हे ठरलेलं होतं. अडलं होतं ॲक्शनवर. त्यात त्यांचा उन्हाळा गेला. दिल्लीच्या दुकानदाराशी फोनवर तास तास बोलणं व्हायचं आणि जिना उतरताना आम्हाला बातमीपत्र मिळायचं. एक ॲक्शन तापट निघाली होती. दुसरी नुसती दिसायला. तिसरी "चांगली आहे यार, पण घोडा इतका हलका की शिंकलं तरी सुटेल."

खालच्या मजल्यावरचे कुरेशीभाई रोज विचारायचे, "मुळमुळेजी, रिश्ता पक्का हुआ?"

"देख रहे हैं भाई, देख रहे हैं. जल्दी काय आहे?"

"बुढापे का शौक," काकू मला म्हणाल्या. "मी होते तेव्हा यांना आवाज सोसत नव्हता. आता मी सोडलं, तर निघाले चॅम्पियन व्हायला." हे त्या हसत म्हणाल्या, पण चहाचा कप जरा जोरात ठेवला.

शेवटी पार्सल आलं. कुरेशीभाई आणि मी, दोघंही उघडताना हजर होतो. काळी, देखणी ॲक्शन फोममधून बाहेर निघाली आणि आधी कुरेशीभाईंच्या लक्षात आलं. छर्रा भरायचा लिव्हर डाव्या बाजूला होता.

"अरे! ये तो उल्टा भेज दिया!"

काका तर चहासुद्धा डाव्या हातानं ढवळू शकत नाहीत. आम्ही हसलो. काकू हसल्या नाहीत. "एवढा उन्हाळाभर फोन केलेत आणि फसवलं ना त्यानं? परत पाठवा."

"राहू दे," काका म्हणाले. "आली आहे तर राहू दे."

मग डायनिंग टेबलचं वर्कशॉप झालं. ॲक्शनच्या तळाला निळा रंग पुसायचा, ती चासीत ठेवायची, उचलायची, आणि चासीला कुठे कुठे निळं लागलं ते भिंगातून बघायचं. जिथे जास्त लागलं तिथे हलक्या हातानं घासायचं. पुन्हा रंग, पुन्हा भिंग. निळे अंगठे दह्याच्या वाडग्यावर, फ्रिजच्या दारावर, एकदा काकूंच्या नव्या साडीच्या पदरावरही उमटले. त्या दिवशी आमच्याकडे दार बंद असूनही सगळं ऐकू आलं.

त्यानंतर डायल गेज, केसाएवढी हालचाल दाखवणारं काट्याचं यंत्र. ॲक्शन दोन स्क्रूंनी आवळायची, वर गेजचा काटा टेकवायचा आणि एक स्क्रू सैल करायचा. काटा हलला म्हणजे आत ताण आहे. काटा रोज हलायचा. काका रोज "बसवली आहे, बसली नाही," म्हणून सगळं सोडवायचे.

एका दुपारी त्यांनी मला हाक मारली. "ये, पण श्वास जपून घे." त्यांनी स्क्रू सैल केला. काटा जागच्या जागी. परत आवळला. तिथेच. काकांनी चष्मा काढला आणि टेबलाला सांगावं तसं हळूच म्हणाले, "बसली."

रविवारी सकाळी ते आम्हा दोघींना रेंजवर घेऊन गेले. "बघायला तरी चल," म्हणून काकूंना कसंबसं उठवलं होतं. रेंजवर त्यांनी टेबल मांडलं, त्यावर एक स्प्रिंगचा स्टँड ठेवला, स्टँडवर रायफल ठेवली, आणि स्वतः खुर्चीवर बसून तिचा दस्ता डाव्या खांद्याला लावला.

पहिला छर्रा कुठे गेला ते कुणालाच कळलं नाही. दुसरा शेजारच्या लेनमधल्या माणसाच्या टार्गेटवर लागला. तो माणूस वळून बघायला लागला.

काकू मागे बसून कळवळत होत्या. "अहो, कोपर! कोपर आत घ्या! गाल टेकवा ना, गाल! श्वास सोडा... सगळा नाही!"

तिसरा छर्रा टार्गेटच्या लाकडी चौकटीला लागला.

"उठा," काकू म्हणाल्या. "उठा तिथून. बघवत नाही."

काका इतक्या चटकन उठले की खुर्ची पडली.

काकू बसल्या आणि मगच त्यांच्या लक्षात आलं की आपण कुठे बसलो आहोत. दस्ता डाव्या खांद्याला लागला. गाल आपसूक दस्त्यावरच्या पट्टीवर टेकला. रायफलचं वजन सगळं स्टँडवर होतं. उजवा हात उचलायचा नव्हता, नुसता टेबलावर ठेवायचा होता. त्या तशाच थांबल्या.

"ही माझ्या मापाची आहे," त्या वळून न बघता म्हणाल्या.

"हं."

"माप कधी घेतलंत?"

"इतकी वर्षं शेजारी बसतेस. माप काय घ्यायचं?"

"आणि डोळा? मी उजव्यानं नेम धरते."

"उजव्याला मोतीबिंदू येतोय. डावा नवा कोरा पडलाय."

काकूंनी लिव्हर डाव्या हातानं ओढला, एकदा चुकून उजवीकडे हात गेला, परत आणला. पहिला छर्रा टार्गेटच्या पांढऱ्यात गेला. दुसरा मधल्या काळ्या वर्तुळाच्या कडेला. मग त्या आम्हाला विसरल्या.

काका मला बाहेर चहाच्या टपरीवर घेऊन आले.

"आधीच सांगायचं ना त्यांना," मी म्हटलं. "इतके महिने चिडत होत्या तुमच्यावर."

"सांगितलं असतं तर नको म्हणाली असती. आणि एकदा नको म्हटलं की ती परत फिरत नाही, शाळेतली सवय." त्यांनी चहा फुंकला. "तिच्यासाठी केलं असं नको समजू हं, मुग्धा. पूर्वी शनिवारी घरी जाताना ती रस्ताभर बोलायची. श्वास कुठे चुकला, घोडा कधी लवकर सुटला. मला निम्मं कळायचं नाही. पण काय बोलायची! आता घरात बोलतो तो टीव्ही. मी त्याला उत्तर किती देणार?"

आम्ही परत आलो तेव्हा काकू रायफलकडे कपाळाला आठ्या घालून बघत होत्या. "गालाची पट्टी किंचित वर हवी. एवढे महिने घासत बसलात आणि हे नाही कळलं?"

"किती वर?" काकांनी ॲलन की काढली. त्यांचा चेहरा असा झाला होता की जणू बक्षीसच मिळालं आहे.

परतीच्या वाटेवर काकू पुढच्या सीटवर होत्या. हबीबगंज नाक्यापर्यंत त्या डाव्या हाताचं बोट चोळत होत्या. मग म्हणाल्या, "तो दुसरा शॉट माहितीये का, मी घाई केली." आणि सुरू झाल्या. डावा डोळा कसा आधी पाण्यानं भरला, बोट कसं परकं वाटलं, पलीकडच्या लेनमधल्या मुलीचे पाय कसे चुकीचे होते, तिला पुढच्या वेळी सांगायलाच हवं. काका "हं", "अच्छा", "मग?" करत गाडी अगदी सावकाश चालवत होते. मागून हॉर्न वाजत होते.

कोलार रोडवर आमच्या कॉलनीचं वळण आलं. काकांनी एकदा आरशातून माझ्याकडे बघितलं आणि गाडी सरळ जाऊ दिली. काकूंच्या लक्षातच आलं नाही. त्या अजून दुसऱ्याच टार्गेटवर होत्या.