मेश्राम काका आणि फुलगोबीचा भात

मेश्राम काका स्वयंपाकाची पुस्तकं लाल पेन घेऊन वाचतात. रेल्वेच्या ऑफिसात जन्मभर दुसऱ्यांच्या फायली तपासल्या, ती सवय अजून गेलेली नाही. कव्हरवर ‘झटपट’, ‘पौष्टिक’ आणि ‘लो-कार्ब’ छापलेलं कुठलंही पुस्तक दिसलं की ते घरी आणतात, आणि पानोपानी शेरा मारतात : ‘खुलासा करा.’

चौबे कॉलोनीत मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहते. रविवारी मला अलार्म लागत नाही. खालून आवाज येतो, “पंधरा मिनटं म्हणते! अन् गोबी काय तुझा बाप किसणार?” सुरुवातीला वाटलं, काकूंशी भांडतायत. भांडण पान एकोणतीसशी होतं.

एकदा मला साक्षीला बोलावलं. “ये पोट्टी, हे वाच.”

मी वाचलं, “फुलगोबीचा भात.”

“याच्यात तांदूळ कुठं आहे?”

“नाही काका.”

“मंग भात काहून म्हणून राहिले? छत्तीसगढमधे? इथं लोक सकाळी उठून बासी खातात, रातचा भात पाण्यात घालून! अन् हा गोबीले भात म्हणते. गोबीले गोबी म्हण ना बाप्पा. तिची काही इज्जत नाही का?”

काकांनी लाटलेली बदामाच्या पिठाची पोळी तव्यावर फाटली, तेव्हा त्यांनी पुस्तकातल्या चित्राशेजारी लिहिलं, ‘तुमची गोल. माझी बस्तरच्या नकाशासारखी. खुलासा करा.’ गल्लीत येणाऱ्या भाजीवालीला विचारलं, “झुकिनी हे का?” ती ठामपणे “हव कका” म्हणाली आणि तिनं तोरई, म्हणजे आपली दोडकी, तोलून दिली. काकांचा राग पुस्तकावर निघाला : “जे आपल्या गल्लीत येत नाही, ते छापता कशाले?” शेवटी त्यांनी प्रकाशकाला चार पानी ईमेल पाठवला. उत्तर आलं, ‘आपल्या प्रेमळ प्रतिसादाबद्दल आभार.’ दोन दिवस काका धुमसत होते. “प्रेमळ? मी?”

या सगळ्यात काकू शांत. समोर येईल ते खायच्या आणि म्हणायच्या, “मस्त झालं.”

काकांना साखरेचा आजार आहे, असं मी वर्षभर धरून चालले होते. मागच्या रविवारी मसालेभात केला, म्हणून वाटीभर खाली घेऊन गेले. काकू बुद्धविहारात गेल्या होत्या. काका कढईपाशी घामाघूम.

“आज थोडं पथ्य मोडा, काका.”

“मले कुठलं पथ्य? साखर तिले आहे. डॉक्टरनं तिचा भात बंद केला.”

“मग तुम्ही का सोडलात?”

“तिच्यासमोर बसून मी भात खाऊ?” ते माझ्यावरच खेकसले.

मी म्हटलं, “बरं. पण मग एवढं चिडता कशाला? काकू तर सगळंच मस्त म्हणतात.”

काकांनी गॅस बारीक केला.

“त्याचाच तर राग येते. जळलं तरी मस्त. कच्चं राहिलं तरी मस्त. चाळीस वर्षं तिनं रांधलं. मीठ जरासं कमी पडलं, तर मी ताट सरकवून उठत होतो. चांगलं झालं, असं एक दिवस म्हटलं नाही. आता मी काहीही वाढतो, अन् ही बाई खाऊन घेते. एकदा तरी ताट सरकव ना!”

फाटक वाजलं. त्यांनी घाईघाईनं भाताच्या वाटीवर झाकण ठेवून ती माझ्या हातात दिली. “वर घेऊन जाय. तिले वास नको.”

दारात काकू भेटल्या, हसल्या, आत गेल्या. मी जिन्यापाशी पोचले तोवर ताटं मांडल्याचा आवाज आला. मी पहिल्या पायरीवरच थांबले.

“खरं सांग,” काका म्हणाले. “कसं झालं?”

“मस्त.”

“खरं सांग म्हटलं ना.”

काकू म्हणाल्या, “मीठ कमी आहे.”

“आहे ना?” काकांचा इतका खूश आवाज मी कधी ऐकला नव्हता. “तू उठू नको. बस. मी आणतो.”